गोडे पाणी, खारे पाणी



गेल्या हिवाळ्यात आमच्या अमरावतीच्या घरातील गिझर बंद पडला, तेव्हा तो उघडावयास आलेल्या मिस्त्रीने आतील कॉइल बाहेर काढून न्हाणीघराच्या फरशीवर हलकेच आपटली, आणि तिच्यावरून फुटक्या शंखासारख्या पांढऱ्या खपल्या सुटून चहूकडे विखुरल्या. ओंजळ भरेल एवढ्या त्या होत्या. "काका, मशीन चांगली हाये," तो म्हणाला, "तुमचं बोरचं पानीच तसं हाये." त्यांतील एक खपली मी स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर लिंबू पिळले. ती तत्काळ फसफसली. शाळेत मास्तरांनी चुनखडीवर आम्ल टाकून दाखविलेला प्रयोग पन्नास वर्षांनंतर आमच्या ओट्यावर, घरच्या मंडळींच्या नाराजीत, पुन्हा एकवार पार पडला.

असल्या पाण्यास आमच्या क्रमिक पुस्तकात 'दुष्फेन' असा भारदस्त शब्द होता. ज्या कोणा पंडिताने तो घडविला, त्याने पाणी चाखून नव्हे, तर धोतराला साबण लावूनच त्याची परीक्षा केली असली पाहिजे. कारण फेस न येणे हा या पाण्याचा अवगुण त्याने नावातच गोवून ठेवला आहे. पाण्यातील चुना व मॅग्नेशियम यांची साबणाशी गाठ पडली, की फेसाच्या ऐवजी राखी रंगाचा चिकट साका तयार होतो आणि तो बादलीच्या कडेला, कपड्याच्या विणीत आणि डोक्याच्या केसांत ठाण मांडून बसतो. साबणाचा पहिला हिस्सा ही अशी चुन्याची खंडणी भरण्यातच खर्ची पडतो. ती पुरती चुकती झाल्यावर उरेल तेवढाच साबण मळाच्या वाट्याला येतो. स्वयंपाकघरातील तक्रार याहून जुनी आहे. डाळीच्या पेशींना सांधून ठेवणारे जे द्रव्य शिजताना विरघळावयाचे, तेच चुन्याच्या संगतीने घट्ट होते, आणि मग तूर, तीही आमच्या वऱ्हाडची तूर, चुलीवर कितीही रटरटली तरी वरण एकजीव होत नाही. 'डाय शिजत नाही' या एका वाक्यात वऱ्हाडातील बायकांनी पाण्याचे जे पृथक्करण करून ठेवले आहे, त्यात प्रयोगशाळेला आकड्यांपलीकडे फारशी भर घालता आलेली नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत इष्ट, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेण्याजोगा, एवढे ते आकडे सांगतात; पापडखाराची चिमूट केव्हा टाकावयाची हे मात्र सांगत नाहीत.

येथे एक भेद सांगणे अगत्याचे आहे, कारण आपण बोलताना कठीण पाणी आणि खारे पाणी यांना सर्रास एकाच दावणीला बांधतो. अमरावतीच्या काळ्या पाषाणात खोदलेल्या बोअरचे पाणी बहुधा कठीण असते. पावसाचे पाणी खडकातून झिरपताना चुना व मॅग्नेशियम सोबत घेते, आणि तापविले की त्यांतील काही भाग भांड्याच्या बुडाशी टाकून देते. तोच आमच्या कॉइलवरचा थर. परंतु शहराच्या पश्चिमेस भातकुली, दर्यापूरकडे निघावे, किंवा अकोल्याहून उत्तरेस अकोट, तेल्हाऱ्याची वाट धरावी, म्हणजे तो मुलूख लागतो ज्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. गाविलगडच्या डोंगरात उगम पावून चांगदेवाजवळ तापीस मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर, अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र असून जवळजवळ 900 गावे त्यात नांदतात. पुरातन काळी खचलेल्या या खोऱ्यात शेकडो फूट गाळ साचला, निचरा मंद राहिला आणि क्षार आतच कोंडले गेले, असे भूशास्त्र सांगते. हे पाणी तापवा, गाळा, निववा, त्याचा खारटपणा हटत नाही. आणि पिकाला दिले तर काळी जमीन अशी चिकट व बंद होते की पुढच्या पावसालाही ती आत येऊ देत नाही. विहीर भरलेली असून शिवार कोरडवाहू, हा देखावा परमुलखातील पाहुण्यास समजावून देताना शेतकऱ्याची पुरेवाट होते.

शहरांनी आपली तजवीज बाहेरून करून घेतली. अकोल्यास महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी येते, आणि अमरावतीस मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धेचे. म्हणजे आमचे सांडपाणी पेढी व पूर्णेच्या वाटेने तापीस मिळून पश्चिम समुद्रास जाते, आणि पिण्याचे पाणी मात्र आम्ही पूर्व समुद्राकडे निघालेल्या गोदावरीच्या खोऱ्यातून उसने आणतो. पट्ट्यातील पुष्कळ गावांना वान व शहानूर या धरणांनी आधार दिला. परंतु नळ रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात पाण्याची खातेवाटणी झालेली असते: धरणाचे पाणी प्यावयास व वरणास, बोअरचे पाणी वापरावयास, आणि गच्चीवरील टाकीत ही दोन्ही खाती एकत्र झाली, की गिझरचा मिस्त्री येतो. सुखवस्तू लोक हल्ली पाणी मृदू करणारे यंत्र बसवितात. त्यातील राळेचे मणी चुना धरून ठेवतात, आणि ते मणी पुन्हा ताजे करण्यासाठी वरचेवर मिठाचे पाणी सोडावे लागते. मीठ विकत आणून पाणी सुधारण्याचा हा प्रकार खारपाणपट्ट्याच्या शेजारी चालावा, याची मला गंमत वाटते.

कारण याच पट्ट्यात, अकोल्याच्या उत्तरेस असलेल्या दहिहंडा गावी, विहिरीच्या पाण्यापासून पूर्वी मीठ करीत असत. इंग्रजी अमदानीत ते बंद पडले. पुढे 1930 च्या एप्रिलात, दांडीची वार्ता देशभर पसरली असता, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडास कायदा मोडावयास किनारा कोठून आणावा, हा प्रश्न पडलाच नाही. सत्याग्रही दहिहंड्यास गेले आणि तेथील खारे पाणी कढवून त्यांनी बेकायदा मीठ तयार केले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्याला बायाबापड्यांनी बोटे मोडली, ते एकदा तरी राष्ट्रकार्यास लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

माझी आत्या दर्यापूर तालुक्यातील अशाच एका गावी दिली होती. तिच्या घरी दोन पितळी गुंड असत. दाराजवळचा उघडा, आणि देवघराशेजारचा, दूरच्या गोड्या विहिरीवरून गाडीने आणलेल्या पाण्याचा, झाकण घातलेला. आलेल्याला पाणी द्यावयाचे तेव्हा तिचा हात कोणत्या गुंडाकडे जातो, यावरून पाहुण्याची पायरी आम्हां मुलांना कळत असे. वृद्धपणी ती डोळ्याच्या उपचारासाठी अमरावतीस आमच्याकडे येऊन राहिली. पहिल्या दिवशी मी नळाचे ताजे, धरणाचे पाणी तांब्या भरून तिच्यापुढे मोठ्या अभिमानाने ठेवले. तिने घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला, आणि तांब्या खाली ठेवीत म्हणाली, "पानी अयनी लागते बाप्पा."