जाहीरनामा, बसभाडे आणि उमराव सभा : लंडनमधील एका वचनाचा हिशेब

निवडणुकीचा जाहीरनामा हा मतदानाच्या दुसऱ्या दिवशी रद्दीत घालावयाचा कागद होय, असे मानण्याची सवय मतदारांना आणि पुढाऱ्यांना सारखीच जडली आहे. म्हणूनच एखाद्या नेत्याने जाहीरनाम्यातील वचन शब्दशः अमलात आणावे आणि देशातील सर्वोच्च न्यायासनाने नेमकी तीच कृती बेकायदा ठरवावी, ही घटना थोडी थांबून तपासण्याजोगी आहे. १९८१ साली ग्रेटर लंडन कौन्सिलमध्ये असे घडले. त्या नेत्याचे नाव केन लिव्हिंगस्टन.

७ मे १९८१ रोजी कौन्सिलची निवडणूक झाली. एकूण ९२ जागांपैकी मजूर पक्षाला ५०, हुजूर पक्षाला ४१ आणि लिबरल पक्षाला १ जागा मिळाली. प्रचारात मजूर पक्षाचे नेते अँड्र्यू मॅकिंटॉश हे होते. तथापि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पक्षाच्या निर्वाचित सभासदांची बैठक झाली आणि ३० विरुद्ध २० मतांनी मॅकिंटॉश यांच्या जागी लिव्हिंगस्टन यांची निवड झाली. त्या वेळी ते ३५ वर्षांचे होते. मते एकाच्या नावावर मागून सत्ता दुसऱ्याच्या हाती दिली, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट आक्षेपकांनी नजरेआड केली. नेता बदलला असला तरी जाहीरनामा बदललेला नव्हता. लंडनच्या पक्षसंघटनेने अभ्यासगट नेमून, परिषदेत कलमवार चर्चा करून तो तयार केला होता. ते वचन पक्षाने दिलेले होते, आणि कोणीही नेता झाला असता तरी ते त्याच्या गळ्यात पडणारच होते.

जाहीरनाम्यातील सर्वांत ठळक वचन प्रवासभाड्याचे होते. लंडन ट्रान्सपोर्टच्या बसगाड्या व भुयारी रेल्वे यांचे भाडे सरासरी २५ टक्क्यांनी कमी करावयाचे आणि येणारी तूट घरपट्टीच्या उत्पन्नातून भरावयाची, अशी ती योजना होती. तिच्यामागील अर्थशास्त्र भाबडे नव्हते. सत्तरीच्या दशकात लंडनमध्ये एक दुष्टचक्र सुरू झाले होते. भाडे वाढवावे, त्यामुळे प्रवासी घटावेत, उत्पन्न कमी झाले म्हणून फेऱ्या कमी कराव्यात, फेऱ्या कमी झाल्या म्हणून आणखी प्रवासी मोटारीकडे वळावेत, आणि शेवटी पुन्हा भाडे वाढवावे. रिकामी बस चालविण्याचा खर्च भरलेल्या बसपेक्षा फारसा कमी नसतो. चालकाचा पगार, इंधन, आगाराचा खर्च हे सारे ठरलेले असते. अशा उद्योगात चाळीस माणसांकडून थोडेथोडे घेणे हे दहा माणसांकडून पुष्कळ घेण्यापेक्षा समाजाच्या दृष्टीने फायद्याचे ठरू शकते, कारण उरलेल्या तीस माणसांच्या मोटारी रस्त्यावर येत नाहीत. त्या मोटारींमुळे होणारी कोंडी, वाया जाणारा वेळ, दूषित हवा यांचा खर्च कोणत्याही वाहतूक कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. तो शहर भोगते. बसगाड्यांच्या तोट्यावर आपल्याकडे होणारी चर्चा ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा युक्तिवाद परिचित वाटेल.

लिव्हिंगस्टन यांनी वेळ घालविला नाही. ४ ऑक्टोबर १९८१ रोजी नवे दर लागू झाले. विभागवार भाड्याची सोपी पद्धतही त्याच वेळी आली आणि सरासरी कपात ३२ टक्क्यांपर्यंत गेली. सत्तेवर आल्यापासून पाच महिन्यांच्या आत मुख्य वचन पुरे झाले होते. प्रवासी वाढू लागले, आणि मोटारीने शहरात येणाऱ्यांची संख्या घटू लागली.

मात्र पैशाची बाजू तितकी सरळ नव्हती. तूट भरण्यासाठी कौन्सिलने बरोंकडे पौंडामागे ६.१ पेन्सची पुरवणी मागणी केली. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८० च्या कायद्याने स्थानिक संस्थांच्या अनुदानाची पद्धत बदलली होती. सरकारने आखलेल्या मर्यादेपलीकडे जी संस्था खर्च करील तिचे अनुदान कापले जाई. परिणाम असा झाला की भाडेकपातीसाठी जेवढी रक्कम लागत होती, तिच्यात गमावलेल्या अनुदानाची भर पडून करदात्यांवरील बोजा जवळजवळ दुप्पट झाला. जाहीरनाम्याच्या मसुद्यात या दुप्पट बोजाचा नीट हिशेब केलेला नव्हता. ही उणीव सहानुभूतीने लिहिणाऱ्यांनीही मान्य केली पाहिजे.

ब्रॉम्ली हा लंडनच्या आग्नेयेकडील हुजूर पक्षाच्या ताब्यातील बरो. तेथे भुयारी रेल्वे नाही. आपल्या रहिवाशांनी दुसऱ्यांच्या स्वस्त प्रवासाचा भार का सोसावा, असे म्हणून ब्रॉम्लीने न्यायालयात धाव घेतली. पहिल्या पायरीवर कौन्सिलचा विजय झाला. नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो निकाल फिरविला. १७ डिसेंबर १९८१ रोजी उमराव सभेच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने कौन्सिलविरुद्ध निर्णय दिला.

हा निर्णय कायद्याच्या विद्यार्थ्यांपेक्षा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अधिक बारकाईने वाचावा असा आहे. लंडनच्या वाहतुकीसंबंधीच्या १९६९ च्या कायद्याने कौन्सिलवर एकात्म, कार्यक्षम आणि ‘इकॉनॉमिक’ वाहतूकसेवेला चालना देण्याचे कर्तव्य सोपविले होते. सगळा वाद या तिसऱ्या विशेषणाभोवती फिरला. त्याचा अर्थ समाजाच्या साधनसंपत्तीचा किफायतशीर उपयोग असा घ्यावा, की व्यापारी तत्त्वावर शक्य तितके खर्चाला उत्पन्न भिडविणे असा घ्यावा? न्यायमूर्तींचा कल दुसऱ्या अर्थाकडे गेला. वस्तुतः त्याच कायद्याने वाहतूक मंडळाला कोणत्याही कारणासाठी अनुदान देण्याचा अधिकार कौन्सिलला दिलेला होता. विधेयक संसदेपुढे असताना मंत्री रिचर्ड मार्श यांनीही, सामाजिक कारणांसाठी कौन्सिलला भाडे कमी ठेवावेसे वाटले तर तसे करता येईल, अशा आशयाचे प्रतिपादन केले होते. पण कायद्याचा अर्थ लावताना संसदेतील भाषणे पाहावयाची नाहीत, असा इंग्रजी न्यायालयांचा त्या काळचा दंडक होता. तो शिथिल झाला १९९२ साली, म्हणजे लंडनच्या दृष्टीने अकरा वर्षे उशिरा.

न्यायमूर्तींचा दुसरा मुद्दा विश्वस्ताच्या कर्तव्याचा होता. करदात्यांचा पैसा वापरताना कौन्सिलने प्रवासी आणि करदाता यांच्या हितांत समतोल राखावयास हवा होता, असे त्यांनी म्हटले. येथे एक गोष्ट सहज निसटते. लंडनच्या घरपट्टीचा मोठा भाग दुकाने, कचेऱ्या, कारखाने यांच्याकडून येत असे आणि त्या आस्थापनांना मत नव्हते. मताच्या पेटीत ज्यांचे वजन नाही त्यांच्या संरक्षणाला न्यायालय धावून आले, असे या निर्णयाचे एक वाचन होऊ शकते. परंतु स्वस्त भाड्याने वेळेवर कामावर पोचणारा कारकून आणि दुकानापर्यंत येणारे गिऱ्हाईक यांचा लाभ याच आस्थापनांना मिळत होता. तराजूच्या त्या पारड्यात न्यायमूर्तींनी पुरेसे वजन घातले नाही.

तिसरा मुद्दा खुद्द जाहीरनाम्याचा. मते मिळविण्यासाठी काढलेले पत्रक म्हणजे सही-शिक्क्याचा करारनामा नव्हे, असे डेनिंग यांनी सुनावले. परिस्थिती बदलल्यावरही आपण वचनाने पूर्णपणे बांधलेले आहोत असे समजणे ही कौन्सिलची चूक होय, असे उमराव सभेचेही मत पडले. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. बोजा दुप्पट होणार हे उघड झाल्यावर कपात टप्प्याटप्प्याने करावी काय, याचा विचार व्हावयास हवा होता. पण तो बोजा दुप्पट कोणी केला? वचन मोडावे यासाठी दंड आकारावयाचा आणि दंडामुळे वचन महाग झाले म्हणून ते मोडावयास हवे होते असे म्हणावयाचे, हा तर्क काहीसा विचित्रच आहे.

गंमत अशी की हेच धोरण लिव्हरपूलकडच्या मर्सीसाइडमध्ये कायदेशीर ठरले. तेथे लंडनबाहेरील शहरांचा १९६८ चा कायदा लागू होता, आणि १९८२ साली न्यायालयाने तेथील स्वस्त भाड्याला हात लावला नाही. शेफील्ड व दक्षिण यॉर्कशर येथे तर १९७५ पासून भाडे जवळजवळ गोठविलेले होते.

निकालानंतर मजूर पक्षाचे सभासद आपसांत दुभंगले. लिव्हिंगस्टन यांनी भाडेवाढीविरुद्ध मत दिले, पण निकाल मानण्याचा ठराव अल्प फरकाने संमत झाला. २१ मार्च १९८२ रोजी भाडे जवळजवळ दुप्पट झाले. प्रवासी पुन्हा घटले, मोटारी पुन्हा वाढल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने सरकारने पुरवणी कर बसविण्याचा अधिकारही काढून घेतला.

येथे दुसरा एखादा नेता न्यायालयाकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. लिव्हिंगस्टन यांच्या कौन्सिलने तसे केले नाही. वकिलांना बसवून, लाभ-हानीचा सविस्तर हिशेब मांडून, करदाते आणि प्रवासी यांचा समतोल साधणारी नवी योजना तिने आखली आणि १९८३ च्या आरंभी ती आधीच न्यायालयाकडून तपासून घेतली. या वेळी न्यायालयाने मान्यता दिली. मे १९८३ मध्ये भाडे २५ टक्क्यांनी उतरले आणि बस व भुयारी रेल्वे या दोहोंना चालणारे ‘ट्रॅव्हलकार्ड’ सुरू झाले.

वचनपूर्तीचे मोजमाप करावयाचे तर येथे थोडे अंकगणित आवश्यक आहे. निवडणुकीच्या वेळचे भाडे १०० धरले तर ऑक्टोबर १९८१ मध्ये ते ६८ वर आले, मार्च १९८२ मध्ये सुमारे १३३ वर चढले, आणि मे १९८३ च्या २५ टक्के कपातीनंतर पुन्हा १०० च्या आसपास आले. म्हणजे दोन वर्षांच्या धडपडीनंतर भाडे होते तेथेच! परंतु या दोन वर्षांत इतर सर्व किमती वाढलेल्या होत्या, त्यामुळे वास्तव भाडे उतरलेच होते. वचन होते चौथा हिस्सा कमी करण्याचे. प्रत्यक्षात त्याहून कमी पदरी पडले, आणि वचनात नसलेले एक कार्ड मिळाले. एकाच तिकिटावर बसमधून उतरून भुयारी रेल्वेत बसता येणे ही सोय नोकरदारांना नुसत्या स्वस्ताईइतकीच मोलाची वाटली असावी.

इतर वचनांचा हिशेब इतका नीट लागत नाही. रोजगारनिर्मितीसाठी ‘ग्रेटर लंडन एन्टरप्राइज बोर्ड’ स्थापन झाले, रॉबिन मरे यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ नेमले गेले, १९८५ साली लंडनची औद्योगिक नीती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विचार म्हणून तो दस्तऐवज आजही वाचनीय आहे. बेकारी मात्र वाढतच राहिली. थेम्सच्या पलीकडे बसलेल्या संसदेला दिसावा म्हणून कौन्सिलच्या इमारतीच्या छपरावर लंडनमधील बेकारांचा आकडा लावण्यात आला होता. तो आकडा खाली आणण्याचे साधन कौन्सिलच्या हाती नव्हते. करमर्यादेच्या प्रश्नावर १९८५ साली लिव्हिंगस्टन यांनी अखेरीस कायद्याच्या चौकटीतला कर मान्य केला आणि त्यावरून त्यांचे उपनेते जॉन मॅक्डोनेल यांच्याशी कडू भांडण झाले. संघर्षाची भाषा करून ऐन वेळी माघार घेतली, हा मॅक्डोनेल यांचा आरोप खोडून काढणे सोपे नाही.

दरम्यान दुसऱ्या एका जाहीरनाम्याची अंमलबजावणी सुरू झाली होती. १९८३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हुजूर पक्षाने ग्रेटर लंडन कौन्सिलच बरखास्त करण्याचे वचन दिले होते. हे वचन मात्र सही-शिक्क्याच्या करारनाम्याप्रमाणे पाळण्यात आले. जून १९८४ मध्ये वाहतूक कौन्सिलकडून काढून सरकारनियुक्त मंडळाकडे देण्यात आली. सप्टेंबरात लिव्हिंगस्टन व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी राजीनामे देऊन पोटनिवडणुका घडवून आणल्या. हुजूर पक्षाने उमेदवारच उभे केले नाहीत. ३१ मार्च १९८६ च्या मध्यरात्री कौन्सिल संपली. पुढे तिच्या इमारतीत हॉटेल आणि मत्स्यालय आले. लंडनच्या मतदारांनी २००० साली लिव्हिंगस्टन यांना अपक्ष म्हणून महापौरपदी निवडून दिले.

ट्रॅव्हलकार्ड मात्र सरकारनियुक्त मंडळाने रद्द केले नाही. उलट १९८५ साली त्याच धर्तीचे, ब्रिटिश रेल्वेच्या गाड्यांनाही चालणारे नवे कार्ड त्याने काढले.