दोन कार्डे, दोन हक्क

इंदूरच्या कारखान्यात राबणारा कामगार आणि त्याच गल्लीतील मोलकरीण, दोघांजवळही सरकारी आरोग्यविम्याचे कार्ड असू शकते. परंतु त्या दोहोंमागील तत्त्व भिन्न आहे.

कामगार राज्य विम्याचा उगम १९४८ च्या कायद्यात झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी तो कानपूर व दिल्ली येथे प्रथम अमलात आला. २०१९ पासून वेतनाचा पाऊण टक्का कामगार भरतो आणि सव्वातीन टक्के मालक. म्हणजे येथे जे पदरात पडते ते दान नव्हे. साधा ताप आला तरी दवाखाना व औषध आहे. शिवाय वर्गणीच्या अटी पुऱ्या झाल्या असल्यास आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाचे ७० टक्के हाती येतात. चूल पेटती ठेवणारी ही तरतूद औषधाहून कमी मोलाची कोण म्हणेल?

२०१८ ची आयुष्मान भारत योजना वर्गणी मागत नाही. पात्र गरीब कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार तीतून मिळतो; मात्र त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. बुडालेल्या रोजाची भरपाई तर नाहीच. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास, त्याचे उत्पन्न न पाहता, तिचे दार खुले झाले आहे.

त्या मोलकरणीस मधुमेह असेल, तर रोजच्या गोळीला तिचे कार्ड चालत नाही. गोळी चुकून पाय कापण्याची पाळी आली, की मग चालते.