सरकारची मदत कोणाच्या नांवावर येते?

(बोरिवली तालुक्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



मी शाळामास्तर. नांगर धरणाऱ्यांना शेती शिकविण्याचा आव मी आणणार नाहीं. परंतु शेतीच्या नांवानें सरकार जो पैसा देतें, तो कोणत्या दारानें येतो व कोणत्या दाराशीं अडतो, हें कागद वाचून सांगणें माझें काम आहे. तेवढेंच आज करतों.

प्रथम आपल्या जमिनीकडे पाहूं. साष्टीची पुष्कळशी जमीन खाडीच्या तोंडांतून काढलेली आहे. गोराई-मनोरीपासून तों मुलुंड-घाटकोपरच्या खाडीपर्यंत वाडवडिलांनीं चिखलाचे बांध घातले. बांधाच्या आंत कोठें भात पिकलें, कोठें मीठ. खाऱ्या शेताचा नियम तुम्हांस ठाऊकच आहे. भरतीचें पाणी बाहेर राहिलें पाहिजे, आणि पावसाचें पाणी ओहोटीला उघाडींतून निघून गेलें पाहिजे. बांधाला एक खांड पडली कीं एका रात्रींत साऱ्या शिवारांत खारें पाणी शिरतें, आणि तें मीठ धुऊन निघावयास एकाहून अधिक पावसाळे जातात. खांड एकाच्या शेताशीं पडते, पण बुडतात सगळे. उघाडीची फळी करणारा सुतार व कुदळ शेवटणारा लोहार, ह्यांचीही भाकरी त्याच बांधावर. म्हणून पूर्वीं लोक आंगमेहनत देऊन बांध राखीत.

आतां सरकारच्या मदतीचें पाहूं. इंग्रज सरकारनें १८८३ सालीं जमीनसुधारणा कर्जाचा आणि १८८४ सालीं शेतकरी कर्जाचा कायदा केला. पहिला विहीर व बांध ह्यांसाठीं, दुसरा बीं व बैल ह्यांसाठीं. हीच ती तगाई. योग असा, कीं त्याच १८८३ सालीं महात्मा जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यांचें मागणें निराळें होतें. फौजेंतील व पोलिसांतील माणसांच्या फावल्या वेळांत सरकारनें बांध घालावे, तलाव बांधावे, आणि पावसाचें पाणी शेतांत मुरून मगच ओढ्याला जावें, असें त्यांनीं सुचविलें. सरकार म्हणे, जमीन तारण ठेव, कर्ज घे आणि फेड. जोतीरावांच्या बोलण्याचा अर्थ मी असा घेतों, कीं माती राखणें हें सरकारचेंही काम आहे. हा तंटा अजून मिटलेला नाहीं.

तारण म्हटलें कीं नांव आलें. बांध राखणाराचे हात एक आणि कागदावरचें नांव दुसरें, असें आपल्या कोंकणांत पिढ्यान् पिढ्या चाललें. अलिबागकडच्या चरी व आसपासच्या गांवांतील कुळांनीं, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखालीं, १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप चालविला. पोटाला चिमटा घेऊन त्यांनीं जें मागितलें, त्याचें फळ पुढें १९४८ च्या कूळकायद्यांत व १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनांत साऱ्या कुळांस मिळालें. कसणाराचें नांव कागदावर आलें. खार जमिनींचा कायदाही १९४८ सालींच झाला, आणि बांध हा एकट्याचा नसून साऱ्या शिवाराचा आहे, हें सरकारनें मान्य केलें.

आजची गोष्ट ऐका. २०१९ पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं देतें. २०२३ पासून महाराष्ट्र सरकारनें आपले ६,००० त्यांत घातले. कोणी म्हणेल, मुंबईंत कसली शेती? महापालिकेची हद्द १९५७ सालींच मुलुंड-दहिसरपर्यंत आली! पण केंद्राच्या योजनेचा नियम सांगतो, कीं शहरांतील जमीनही चालते. मात्र ती खरोखर कसलेली पाहिजे, आणि नांव जमिनीच्या दप्तरांत पाहिजे. दुसऱ्याची जमीन वाट्यानें करणारास त्यांतून एक पैसा नाहीं. आरेच्या पाड्यांवर कसणारा वारली बंधु घाम गाळतो, पण सातबारा त्याच्या नांवें नसेल तर तोही बाहेर. २०१६ सालीं निघालेल्या ‘मागेल त्याला शेततळें’ योजनेंत जास्तींत जास्त ५०,००० रुपये होते, पण ते तळें खोदून झाल्यावर मिळत. आधीं खर्चावयास ज्याच्या गांठीं पैसा नाहीं, त्यानें काय करावें? सावकाराचें दार ठोठवावें?

तेव्हां माझें म्हणणें दोन गोष्टींचें आहे. सरकारपाशीं मागावें तें हें, कीं कसणारास शेतकरी म्हणा, कामाची अर्धी रक्कम आधीं हातीं द्या, आणि घरटी पैसे वांटतांना सामाईक बांधास विसरूं नका. सहा हजारांनीं एका घराचें बीं-खत होईल, पण खांड बुजणार नाहीं.

आणि आपण करावें तें हें. सातबारा काढून घरांत वाचा. सातव्या नमुन्यांत हक्क कोणाचा, बाराव्यांत पीक कोणतें, इतर हक्कांत कोणाचा बोजा, हें पाहा. बाप वारला तर वारसनोंद वेळेवर करा, आणि त्यांत आईचें व बहिणीचें नांव गाळूं नका. २०२१ पासून पिकाची पाहणी फोनवरून शेतकऱ्यानें स्वतः नोंदवावयाची आहे. ती चुकवूं नका. बांधाचा अर्ज एकेकट्यानें न करतां सर्व खातेदारांच्या सह्यांनीं करा, आणि त्यावर सुतार-लोहारांचीही सही घ्या.

आपली मुलें शाळेंत वाचावयास शिकलीं आहेत. त्यांच्याकडून पहिला धडा सातबाऱ्याचा वाचून घ्या. कागद वाचतां न आल्यामुळें आजवर पुष्कळ जमीन गेली; जी उरली ती वाचून राखूं या.