बक्षिसी म्हणजे मजुरी नव्हे

(गावच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



गेल्या दिवाळीस माझा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. तो शहरात एका हॉटेलात वाढप्याचे काम करतो. मी विचारले, "बाळ, पगार काय?" तो म्हणाला, "गुरुजी, पगार बेताचाच. मालक म्हणतात, गिऱ्हाईक वर देते त्यात भागव." "आणि गिऱ्हाइकाने न दिले तर?" पोर खाली मान घालून बसला. त्याच्या मुकेपणाचे उत्तर शोधावे म्हणून मी आज उभा आहे.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक त्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण केले, हे आपण जाणताच. परंतु बेडी तुटली म्हणजे पोट भरते असे नाही. पुलमन कंपनीने आगगाडीच्या निजण्याच्या डब्यांत हे मुक्त झालेले काळे लोक चाकरीस ठेवले. अंथरुणे घालावी, ओझी उचलावी, बूट पुसावे, रात्री जागून काढाव्या. बुटांचे पॉलिशही पदरच्या पैशाने! पगार इतका तुटपुंजा की उतारूंच्या बक्षिसीवाचून चूल पेटेना. कंपनीच्या धन्याचे नाव जॉर्ज, म्हणून उतारू प्रत्येक चाकराला 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारीत. ज्याला स्वतःचे नावही नाही त्याने हसतमुख राहून हात पुढे करावा! मग कंपनीला पगार वाढविण्याची गरज काय?

१९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी संघ काढला. बारा वर्षे झुंजले. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. अखेर १९३७ साली कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे ४०० तासांचे काम २४० तासांवर आले व पगार वाढला. हे बक्षिसीने झाले नाही, एकीने झाले.

तरी ते दुखणे तेथे अजून आहे. मध्यवर्ती कायद्याने किमान मजुरी २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. पण बक्षिसी घेणाऱ्या नोकरास धन्याने पदरचे २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालते. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेले बक्षिसीतून निघावे, न निघाल्यास धन्याने भरावे असे कायदा म्हणतो. पण भरून मागायचे कोणी? ज्याला उद्या त्याच धन्याच्या दारात उभे राहायचे आहे त्याने! कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र ही सूट नाही. तेथे पुरी मजुरी आधी, बक्षिसी निराळी.

आता आपल्या घरात पाहू. सुतार, लोहार, न्हावी वर्षभर आपले काम करीत आणि सुगीला खळ्यावर येत. बलुते हा त्यांचा हक्कच होता. पण पायली भरून द्यायची की सूप झटकून, हे कुणब्याच्या मर्जीवर. हक्काचे असूनही ते मागून घ्यावे लागे. आपणच खळ्यावर मालक होतो, हे विसरून शहरच्या मालकाला नावे ठेवू नयेत.

मी मास्तर. माझा पगार ठरलेला आहे. तो नसता आणि पालकांच्या खुषीवर माझे घर चालते, तर ज्याचा बाप दाता त्याचाच पोर पहिल्या नंबरावर दिसला असता! मर्जीवर जगणारा माणूस खरे बोलू शकत नाही, हाच यातला मोठा तोटा.

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. हॉटेलात गेलात तर वाढप्याच्या हाती दोन पैसे जरूर ठेवा. आज त्याचे ताट त्यावर आहे. पण आपला मुलगा कामावर धाडताना पगार किती, तास किती, हे आधी विचारा व कागदावर घ्या. आणि आपल्या शेतावर राबणाऱ्या बाईची मजुरी त्याच दिवशी, न मागता, मोजून द्या. वर मूठभर शेंगा दिल्यात तर ते प्रेम. मजुरीत धरल्यात तर ती लबाडी.