थांबणाऱ्याचे नुकसान कोणी सोसायचे?

(पालघर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



समजा, चिल्हार फाट्याहून बोईसरकडे येणाऱ्या रस्त्यावर तिन्हीसांजेच्या वेळी एक दुचाकीस्वार घसरून पडला आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून परतणारा कामगार असावा. डोक्याला मार लागला आहे. मागून पाठीवर पार्सलांची भली मोठी थैली अडकवलेला दुसरा दुचाकीस्वार येतो. थैलीत अजून अकरा पार्सले शिल्लक आहेत, दिवस मावळत आहे, आणि पुढच्या पाड्यांवर मोबाइल लागेल की नाही याची शाश्वती नाही. त्याने थांबावे की पुढे जावे?

कोणत्याही सभेत या प्रश्नाचे उत्तर एकमुखाने मिळेल: थांबलेच पाहिजे. आणि ते उत्तर बरोबर आहे. चळवळीतील काही मित्रांचा सूर असा असतो की, ज्याचे स्वतःचेच शोषण होत आहे त्याला नीतीचे धडे देऊ नयेत. हा सूर वरकरणी श्रमिकाच्या बाजूचा वाटतो. परंतु त्यात श्रमिकाचा अपमान आहे. भल्याबुऱ्याचा निर्णय घेऊ शकणारा माणूस म्हणून तो श्रमिकाकडे पाहतच नाही. दारिद्र्य ही माणुसकीतून सूट मिळवण्याची सनद नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मात्र 'थांबावे का' या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे विषय संपत नाही. थांबण्याची किंमत किती, आणि ती कोणाच्या खिशातून जाते, हा खरा प्रश्न आहे. आणि तो व्यासपीठावरून सहसा कोणी विचारीत नाही.

हिशेब करून पाहावा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एका पार्सलामागे 15 रुपये मिळतात, आणि दिवसात 60 पार्सले पोचवली तर वर 200 रुपये उत्तेजनार्थ मिळतात, असे धरू. जखमीला रुग्णालयात नेण्यात दीड तास गेला आणि अकरा पार्सले राहिली, तर 165 रुपये बुडाले. साठचा आकडा गाठता आला नाही म्हणून 200 रुपयेही गेले. उद्या त्याच पाड्यांवर पुन्हा जावे लागेल, त्याचे पेट्रोल वेगळे. म्हणजे ज्याने माणूस उचलला त्याला पावणेचारशे रुपयांच्या आसपास दंड झाला. कोणी पावती फाडली नाही, पण दंड झालाच. यात आणखी एक गोम आहे. असा पायरीचा मोबदला असला की सकाळी अकरा वाजता थांबणे त्या मानाने स्वस्त पडते, कारण भरपाईला दिवस शिल्लक असतो. सायंकाळी सात वाजता थांबणे सर्वांत महाग. आणि केंद्रीय वाहतूक मंत्रालयाचे वार्षिक अहवाल सांगतात की देशात सर्वाधिक रस्ते-अपघात सायंकाळी सहा ते नऊ याच वेळात होतात. मदतीची गरज जेव्हा सर्वांत जास्त, नेमकी तेव्हाच मदत सर्वांत महाग, अशी ही रचना आहे.

हे केवळ तर्काने सांगितले जात नाही. 1973 साली डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटे भाषण करण्यासाठी धाडण्यात आले. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत, दारात कोसळल्यासारखा बसवून ठेवला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी 63 टक्के थांबले. ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यापैकी 45 टक्के. आणि 'उशीर झाला, धावा' असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ 10 टक्के. मौजेची गोष्ट अशी की, यांतील निम्म्यांना बायबलातील वाटेत थांबून जखमीची शुश्रूषा करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या कथेवरच बोलायचे होते, आणि त्यामुळे फारसा फरक पडला नाही! उपदेशाने माणूस थांबत नाही, सवड असली तर थांबतो, एवढे यावरून दिसते. घरपोच मालाच्या धंद्यात सवड हीच गोष्ट हिशेबाने काढून घेतलेली असते. ही घाई निसर्गाने दिलेली नाही. ती योजनापूर्वक तयार केली जाते, 'इतक्या मिनिटांत दारात' अशी जाहिरात करून विकली जाते, आणि तिच्यावर नफा मिळतो.

ज्या भूभागाविषयी हे बोलणे चालले आहे तो ध्यानात घेतला पाहिजे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग या जिल्ह्याला उभा छेदून जातो. 4 सप्टेंबर 2022 रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा देशाला या रस्त्याची आठवण झाली. मनोर, मस्तान नाका, चिल्हार येथील लोकांना ती रोजच असते. महामार्गावरून बोईसरकडे आणि वाघोबा खिंडीतून पालघरकडे येणाऱ्या रस्त्यांवर अवजड मालमोटारी, कंपन्यांच्या बसगाड्या आणि दुचाकी एकाच अरुंद पट्टीत चालतात. 2022 साली देशात रस्ते-अपघातांत 1,68,491 माणसे मेली; त्यांपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. घरपोच माल पोचवणारा कामगार हा दिवसभर याच वर्गात मोडतो. आज जो थांबणार की नाही असे आपण विचारतो, तोच उद्या रस्त्यावर पडलेला असू शकतो.

कायद्याने या बाबतीत काही अडथळे दूर केले, हे मान्य केले पाहिजे. जखमीला नेले तर पोलीस चौकीच्या फेऱ्या, साक्षीची कटकट, रुग्णालयाचे बिल गळ्यात, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या होती. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदतकर्त्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आले. 2020 मध्ये नियम झाले. मदतकर्त्याने नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती आता नाही. 2021 मध्ये सरकारने जखमीला वेळेत रुग्णालयात नेणाऱ्यास 5,000 रुपयांचे बक्षीस ठेवले, आणि 2025 मध्ये ते 25,000 रुपये केले.

बक्षिसाबद्दल मात्र थोडे थांबून विचार करावा. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 1970 मध्ये रक्तदानावर एक ग्रंथ लिहिला. स्वेच्छेने रक्त देणारा इंग्लंड आणि पैसे देऊन रक्त घेणारी अमेरिका यांची तुलना करून त्याने दाखवले की, दानाला बाजारभाव लावला की दानही आटते आणि रक्ताची प्रतही खालावते. त्याचे सर्व निष्कर्ष अर्थशास्त्रज्ञांनी मान्य केले नाहीत. परंतु मूळ भेद महत्त्वाचा आहे. चांगुलपणाची किंमत देणे वेगळे, आणि चांगुलपणामुळे झालेले नुकसान भरून देणे वेगळे. पहिल्याने माणूस भाडोत्री होतो, दुसऱ्याने तो मोकळा होतो. निवडक मदतकर्त्यांच्या हाती पंचवीस हजारांचा धनादेश ठेवण्यापेक्षा प्रत्येक मदतकर्त्याचे पावणेचारशे रुपये बुडू न देणे अधिक मोलाचे आहे. पण त्यात छायाचित्र निघत नाही.

आणखी एक भीती या जिल्ह्याची स्वतःची आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, मुले पळवणाऱ्या चोरांच्या अफवा पाड्यापाड्यांत पसरल्या होत्या. 16 एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. अनोळखी माणूस रात्री वाटेत थांबला की संशय येतो. आणि रक्तबंबाळ माणसाजवळ उभा असलेला पहिला अनोळखी म्हणजे अपघात करणाराच, असा समज व्हायला क्षणही लागत नाही. कायद्यातले कलम तेथे उपयोगी पडत नाही. त्या गावात ओळखीचा कार्यकर्ता असला तर पडतो.

परंतु याच पाड्यांची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. पार्सलावर पत्ता काय असतो? पाड्याचे नाव, फार तर 'शाळेजवळ' किंवा 'विहिरीच्या मागे'. मोबाइलवरचा नकाशा डांबरी रस्ता संपला की मुका होतो. मग हा कामगार कोणाला तरी विचारतो. डोक्यावर मोळी घेतलेली बाई थांबते, ती मोळी उतरवून बोटाने वाट दाखवते. एखादा पोरगा गाडीच्या पुढे पळत जाऊन घर दाखवतो. ज्याच्या नावे पार्सल आहे तो भातलावणीला गेला असेल तर शेजारीण ते ठेवून घेते. यांपैकी कोणालाही कंपनी छदाम देत नाही. म्हणजे घरपोच सेवेचा शेवटचा मैल हा वाटेत थांबणाऱ्या गरिबांच्या फुकट मदतीवर चालतो. या मदतीचे मोल कोणाच्याही ताळेबंदात दिसत नाही. कंपनीचा माल पोचावा म्हणून सारा पाडा थांबू शकतो; मग पाड्यातला माणूस रस्त्यावर पडला असता कंपनीचे घड्याळ का थांबू नये, असे विचारले तर ते भीक मागणे ठरत नाही. ती वसुली आहे.

याच मातीत 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी वेठीविरुद्ध उभे राहिले. वेठ म्हणजे काय? दुसऱ्याच्या फायद्यासाठी सक्तीने, मोबदल्याविना दिलेला वेळ. स्वखुशीने केलेली मदत ही वेठ नव्हे. परंतु कंपनीने कामगाराच्या माणुसकीची जाहिरात करायची आणि तिचा खर्च कामगाराने सोसायचा, असे झाले की ती वेठीच्या जवळ जाते. जून 2024 मध्ये मुंबईत एका बड्या अन्नपोच कंपनीने आपल्या 4,300 वितरकांना एकाच ठिकाणी प्रथमोपचाराचे शिक्षण देऊन गिनीजच्या पुस्तकात विक्रम नोंदवला. उपक्रम चांगला आहे. त्याने काही जीव वाचतील. प्रश्न इतकाच की, असे शिक्षण घेतलेला माणूस ते वापरण्यासाठी थांबला तर ती मिनिटे कोणाच्या खात्यावर मांडायची?

आजच्या कायद्यात याचे उत्तर नाही, आणि ते चुकून राहिलेले नाही. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तीत या कामगारांची व्याख्या आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीला द्यावेत असेही आहे. परंतु व्याख्याच अशी की, हा कामगार मालक-नोकर या परंपरागत नात्याच्या बाहेरचा. नाते नाही म्हणून कामाचे तास नाहीत. तास नाहीत म्हणून थांबलेला वेळ नाही. नीती आयोगाने 2022 मध्ये अशा कामगारांची संख्या 77 लाख धरली आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाख होईल असा अंदाज केला. एवढ्या माणसांच्या वेळेला मालक आहे, पण जबाबदार कोणी नाही.

टपालखात्याशी तुलना उद्बोधक आहे. गावचा पोस्टमन पत्र वाचून दाखवी, मनीऑर्डरीच्या पैशांबरोबर मुलाची खुशाली सांगे. तो काही संत नव्हता; त्याचा पगार महिन्याचा होता, पत्रागणिक नव्हता, म्हणून त्याला ओसरीवर टेकता येत असे. अमेरिकेत 1982 पासून टपालखाते आणि पोस्टमनांची संघटना यांनी मिळून एक योजना चालवली: एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या पेटीत टपाल साचलेले दिसले की पोस्टमनने कळवायचे. फ्रान्सच्या टपालखात्याने 2017 पासून तीच गोष्ट मासिक शुल्क आकारून विकायला काढली. आईवडिलांची विचारपूस पोस्टमन करील, मुलांनी पैसे भरावेत. दोन्हीकडे पोस्टमन दारात थांबतो. पण पहिल्या योजनेत त्याची संघटना भागीदार आहे आणि दुसरीत त्याची आपुलकी हा विक्रीचा माल आहे. पालघर-बोईसरच्या इमारतींतूनही मुले मुंबईला आणि म्हातारी माणसे घरी, अशी कुटुंबे वाढत आहेत. आजीबाई पार्सलवाल्याला विजेचे बिल वाचून दाखवायला सांगतात, सिलिंडर आणणाऱ्याला तो आत नेऊन जोडून द्यायला सांगतात. अशा कामांना त्याने नाही म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. जीव धोक्यात असताना थांबणे हे कर्तव्य आहे. बिल वाचणे ही मर्जी आहे. दोन्ही एकाच मापाने मोजणाऱ्या ग्राहकांत पक्षाचे सभासदही असतात, हे जाता जाता सांगितले पाहिजे. उशिराबद्दल एकच तारा देणारे बोट कधीकधी लाल झेंडा धरणाऱ्या हाताचेही असते.

आक्षेप येईल की, घड्याळ थांबवण्याची सोय केली तर कामगार खोटे सांगतील. सर्व सवलतींविरुद्ध हाच आक्षेप गिरणीमालकांच्या काळापासून येत आहे. उत्तर सोपे आहे. 108 क्रमांकाला केलेल्या दूरध्वनीची वेळ नोंदली जाते. शिवाय केंद्र सरकारच्या मे 2015 च्या मार्गदर्शक तत्त्वांत, जी पुढे न्यायालयाने बंधनकारक केली, अशी तरतूद आहे की जखमीला आणणाऱ्याने मागितल्यास रुग्णालयाने त्याला वेळ आणि ठिकाण नमूद करून पोच द्यावी. ही पोच कोणी मागत नाही, कारण ती मिळते हेच ठाऊक नाही, आणि तिचा काही उपयोग आजवर नव्हता.

तेव्हा पालघर आणि बोईसर येथील साथींनी करायचे काम असे आहे. प्रथम, पोचेचा मराठी नमुना छापून तालुक्यातील प्रत्येक सरकारी व खाजगी रुग्णालयाच्या अपघात विभागात नेऊन द्यायचा आणि तो ठेवून घेतल्याची सही आणायची. दुसरे, माल उतरवण्याच्या गोदामांसमोर सकाळी हे कामगार जमतात, तेथे जाऊन त्यांना पोचेची माहिती द्यायची, आणि कोणाचे किती नुकसान झाले हे तारखेनिशी वहीत उतरवायचे. तिसरे, ही वही आणि त्या पोचा घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडे एकच मागणी न्यायची: पोच असलेला वेळ हा कामाचा वेळ धरावा, त्या दिवसाचे उत्तेजनार्थ पैसे कापू नयेत, आणि त्या दिवशी ग्राहकांनी दिलेले तारे मोजू नयेत. पाड्यांवरच्या कार्यकर्त्यांनी आपला दूरध्वनी क्रमांक या कामगारांना द्यावा. रात्री वाटेत थांबलेला माणूस आपला आहे, असे सांगणारा आवाज दहा मिनिटांत तेथे पोचला पाहिजे.