मोजणी चुकली तेव्हा

मी काशीतून बोलतोय, मंगला गौरीच्या गल्लीतून. पायऱ्या उतरलं की पंचगंगा घाट, अहिल्याबाईंचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ तिथलाच. शेजारच्या दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाकडे मराठी घरं कित्येक पिढ्यांची. इथली मुलं गल्लीत हिंदी बोलतात आणि मराठी फक्त आजीशी. त्यांच्यासाठी मे महिन्यात मी दहा दिवसांचं शिबिर घेतो.

पहिल्याच वर्षी माझ्याकडून मोठी चूक झाली. मी फौजी माणूस. शिट्टी, रांग, उशीर झाला की उठाबशा. तिसऱ्या दिवशी घाटावर मोजणी केली. २२ मुलं हवीत, भरली २१. पुन्हा मोजली, तरी २१. समोर गंगा. सीमेवर राहिलेला माणूस मी, पण तसे पाय कधी कापले नव्हते.

मुलगा सापडला देवळाच्या दाराशी, कोपऱ्यात बसलेला. नऊ वर्षांचा. चपलेचा अंगठा तुटला, रांगेत पोचायला उशीर होणार, मग शिक्षा होणार, म्हणून लपला. म्हणजे त्याला माझ्या शिट्टीनंच मागे ठेवलं होतं.

संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याची आई म्हणाली, "काका, उद्याही पाठवते. पण त्याला तुमची भीती वाटायला नको."

त्या रात्री मला बेडन-पॉवेल आठवले. तेही फौजीच. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही श्रीमंत शाळांतली, काही साध्या घरांतली. त्यांनी मुलांच्या लहान टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळी एका मुलाच्याच हाती दिली. जगभरचं स्काउटिंग तिथून उभं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडेही पाच-सहा जणांच्या टोळ्या झाल्या. टोळीत जोड्या. जोडीदार दिसला नाही, तर लगेच ओरडून सांगायचं. मोजणी निघताना, पोचल्यावर, परतताना. गंगेत कुणीही उतरायचं नाही, यात सूट नाही. काशीचा मे म्हणजे पारा ४५च्या घरात, म्हणून शिबिर सकाळी साडेपाच ते नऊ. तहान लागण्याआधी पाणी. मग सत्तूचं सरबत नाहीतर कलिंगड. मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नाही, किमान दोघं. वहीत प्रत्येकाच्या घरचा नंबर आणि काय खाल्लेलं सोसत नाही, त्याची नोंद. कुणी पैसे भरले आणि कुणी नाही, हे मुलांना कळता कामा नये. आणि 'सर्वोत्तम शिबिरार्थी' असं बक्षीस नाही. एकाला मोठं करताना एकवीस जणांना लहान का करायचं?

शिक्षा बंद केली, शिस्त नाही. फरक एवढाच, की आता मुलं माझ्यासाठी नाही, जोडीदारासाठी वेळेवर येतात.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आजीकडून ऐकलेली एक गोष्ट मराठीत सांगायची. अडखळलं तरी चालतं. आज्या पायऱ्यांवर बसून ऐकतात, डोळे पुसतात.

आणि तो मुलगा? यंदा टोळीनायक आहे. कुणी मागे राहिलं की ओरडत नाही. परत जातो, विचारतो, "चप्पल तुटली का रे?" त्याच्या खिशात सेफ्टी पिन असते.

तुमच्या गावात शिबिर घ्याल, तेव्हा मुलं जरूर मोजा. पण एखादं कमी भरलं, तर आधी स्वतःला विचारा, ते आपल्याला घाबरून तर लपलं नाही ना?