सैन्य सीमेवर, मागणी हवेत



चंदीगडहून शिमल्याच्या रस्त्याला लागलं की पंचकुल्याच्या पुढं चंडीमंदिरची छावणी लागते. लष्कराच्या वेस्टर्न कमांडचं हे मुख्यालय. अटारीची सीमा इथून साधारण अडीचशे किलोमीटर. अंबाल्याची टू कोअर, म्हणजे शत्रूच्या मुलखात घुसण्यासाठी उभारलेली फौज, तर अगदी शेजारी. लढाई न करता, नुसत्या धाकानं दुसऱ्या देशाला नमवता येतं का? भारतानं याचा सगळ्यात मोठा प्रयोग केला तो या टापूतून, २००१-०२ मध्ये.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि आठवडाभरात 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झालं. लाखो जवान सीमेकडे निघाले. आपले उच्चायुक्त इस्लामाबादहून परत आले, समझोता एक्सप्रेस आणि लाहोरची बस बंद झाली. वीस जणांची यादी पाकिस्तानला दिली गेली. यांना आमच्या ताब्यात द्या, ही मागणी.

पण अंबाला, मथुरा आणि भोपाळच्या फौजा हल्ल्याच्या जागी पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तेवढ्यात समोरचं सैन्यही तयार झालं आणि अमेरिका मध्ये पडली. १२ जानेवारीला मुशर्रफ यांनी टीव्हीवर भाषण करून लष्कर-ए-तैयबा आणि जैश-ए-महंमदवर बंदी जाहीर केली. त्या भाषणाला कमी लेखू नये असं माझं मत आहे. पाकिस्तानचा लष्करप्रमुख जाहीरपणे असं बोलतो, ही फौजेच्या धाकाचीच कमाई होती. यादीतला एकही माणूस मात्र हाती आला नाही.

मग १४ मे ला जम्मूजवळ कालूचकला जवानांच्या वसाहतीत अतिरेकी घुसले. तीसहून अधिक माणसं मारली, त्यांत बायका-मुलं होती. आता युद्ध होणारच असं वाटत असताना जूनमध्ये अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री आर्मिटेज इस्लामाबादला गेले आणि घुसखोरी कायमची थांबेल असं मुशर्रफ यांचं आश्वासन घेऊन आले. घुसखोरी काही काळ कमी झाली, पुन्हा वाढली. १६ ऑक्टोबरला फौजा मागे घेण्याचा निर्णय जाहीर झाला.

या दहा महिन्यांची किंमत सांगायलाच हवी. फिरोजपूर, अमृतसरच्या सीमेवर शेतांत सुरुंग पेरले गेले. गहू नोव्हेंबरातच पेरलेला, कोवळं पीक उभं, आणि त्यातच सुरुंग. वैशाखीला कापणी कुणी आणि कशी करायची? सुरुंग काढतानाही माणसं गेली, पाय गेले. या काळात ७९८ जवान दगावले, असं सरकारनं पुढं संसदेत सांगितलं. गोळीबार, सुरुंग, अपघात, कारणं अनेक. युद्ध एकही नाही.

धाक खोटा होता म्हणून तो अर्धवट फळला, असं मी म्हणणार नाही. मला खोट मागणीत दिसते. यादी मोजता येत होती. वीस माणसं, दिली की नाही दिली. पण घुसखोरी 'कायमची' थांबली हे कोण, कधी ठरवणार? मुदतही नव्हती. मुदत नसली की वेळ काढणाऱ्याचं फावतं, आणि उघड्यावर उभी असलेली आपलीच फौज झिजत जाते.

१७२८ चं पालखेड आठवा. बाजीरावानं निजामाला दौडवत दौडवत आणलं, त्याच्या जड तोफा मागे पडल्या, आणि वैजापूरच्या बाजूला पाणी-दाणा तोडून त्याला कोंडलं. निजामाचं राज्य बुडवायची मागणी नव्हती. शाहू महाराजांचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क मान्य करा, कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष सोडा, एवढंच. मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला आणि निजाम आपली फौज, आपली अब्रू घेऊन परत गेला. कोंडी पक्की होती, मागणी नेमकी होती, आणि बाहेर पडायला वाट ठेवलेली होती. १९६२ च्या क्यूबा प्रकरणातही केनेडींची मागणी विमानातून फोटो काढून तपासता येण्यासारखी होती: क्षेपणास्त्रं हलवा. बदल्यात तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं त्यांनी गुपचूप कबूल केलं, म्हणून ख्रुश्चेव्ह यांना माघार घेता आली.

आता सिंधू पाणी कराराकडे या. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला भारतानं तो स्थगित केला. पाणी हा सुरुंगांपेक्षा आणि छावण्यांपेक्षा फार मोठा दाब आहे, आणि पहलगामचा संताप माझाही आहे. पण अट वाचा. पाकिस्ताननं सीमेपलीकडच्या दहशतवादाचा पाठिंबा विश्वास बसेल असा आणि कायमचा सोडेपर्यंत स्थगिती. तोच 'कायमचा' शब्द, २००२ च्या जूनमधल्या आश्वासनातला. कोणते तळ, कोणती माणसं, किती महिन्यांत, आणि ते झालं तर पाण्याबाबत आपण काय करणार, हे दिल्लीनं कागदावर मांडलं पाहिजे, आणि इस्लामाबादला वाचता येईल अशा भाषेत मांडलं पाहिजे.